पुढे जायचं ते मी बघतो

मी आयुष्यात कधी मागे वळून बघितलं नाही!

हे वाक्य मोठी माणसं सत्काराच्या भाषणात म्हणतात तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मी घरात म्हटलं तेव्हा बायको म्हणाली, "माहितीये. मागच्या महिन्यात मी दुकानापाशी स्कूटरवरून उतरले, आणि तुम्ही घरापर्यंत एकटेच बोलत गेलात!"

खरं आहे. पण त्या दिवशी मी ट्रकचा विचार करत होतो. तसा मी रोजच ट्रकचा विचार करायचो. ऑफिसात माझ्या टेबलासमोर भिंत होती. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्यावर काहीही नव्हतं. खिडकी होती ती पार पलीकडे, पाण्याच्या पिंपाजवळ. तिच्यातून लांबवर हायवेचा पूल दिसायचा आणि पुलावरून ट्रक जायचे. भले मोठे, संथ, कुठे निघालेत ते कोणाला न सांगता! सगळ्या ऑफिसात मिळून जेवढं पाणी प्यायलं जायचं तेवढं मी एकटा प्यायचो. साहेबांनी एकदा काळजीने मला डॉक्टरचं नावही सुचवलं.

घरी जेवताना ताट आलं की माझे हात आपोआप ताटाच्या दोन्ही कडांवर जायचे. झोपेत मी क्लच दाबायचो. पायाखाली क्लच नसायचा, बायको असायची. एका सकाळी ती उठली, घोटा चोळत माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "शिका बाई एकदाचा तो ट्रक! नाहीतर मी माहेरी जाऊन झोपते."

याला मी परवानगी समजलो.

बायकोचा एक गुण इथेच सांगून ठेवतो. तिला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे हात बरोबर दाखवते, तोंड उलटं बोलतं. स्कूटरवर मागे बसून ती "डावीकडे घ्या" म्हणाली की मी मुकाट्याने उजवीकडे वळतो. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या मावशीकडे निघालो होतो, तेव्हा हे मला माहीत नव्हतं. आम्ही भलत्याच घरी चहा पिऊन आलो. माणसं चांगली होती, अजून फोन करतात.

तर, ट्रकच्या शाळेत मी नाव घातलं. शिकवायला उस्ताद होते. तोंडात कायम एक काडी आणि डोळ्यात कायम माझ्याविषयी शंका! पण पुढे जाण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. गिअर असे पडायचे की उस्तादांची काडीसुद्धा हलायची नाही. "चाल तर झकास आहे रे तुझी!" ते म्हणायचे. मग लगेच म्हणायचे, "आता मागे घे."

इथे माझं घोडं पेंड खायचं.

ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे त्याचं शेपूट जिकडे न्यायचं त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचं. ऐकायला काय, सोपं आहे! पण एकदा आरशात बघितलं की मला वाटायचं, हे मी उलट करतोय का सुलट? उलटच करायचंय म्हणजे जे सुलट वाटतंय तेच उलट असणार. मग उलटाच्या उलट करू. तेवढ्यात उस्ताद खाली उडी मारून लांब पळालेले असायचे.

शेवटी त्यांनी स्टिअरिंगच्या एका बाजूला लाल चिंधी बांधली. "हे बघ, डोकं वापरू नकोस. आरशात तो पांढरा खांब दिसला की चिंधीच्या बाजूला फिरव. पिवळी टाकी दिसली की चिंधीपासून लांब. बाकी काही बघू नकोस!" परीक्षा त्याच मैदानात होती. खांब दिसला, चिंधी. टाकी दिसली, लांब. ट्रेलर असा सरळ जाऊन उभा राहिला की परीक्षकांनी माझ्याशी हात मिळवला. मी पास झालो. जगात जिथे जिथे तो खांब आणि ती टाकी असेल, तिथे मी आजही रिव्हर्स घेऊन दाखवीन!

नोकरी मिळाली. मालक मितभाषी होते.

"पहिली खेप. गाद्या आहेत. परवा संध्याकाळी पलीकडच्या बंदराच्या गावी, गोदामाचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं. ट्रेलरला ओरखडा नको. मागच्या दाराला सील आहे. ते तुटलं तर तू सुटलास."

"आणि क्लीनर?"

"क्लीनर हल्ली कोण देतो? आरसे दिलेत ना! शिवाय गाडीवर यंत्र आहे. गाडी कुठे आहे ते मला इथे बसून दिसतं. नीट पोचलास तर गाडी तुझी."

"आणि नाही पोचलो तर?"

"तुझं ऑफिस आहेच की."

होतंच. साहेबांनी प्रेमाने सांगितलं होतं की खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवतो. मला रात्री स्वप्नात तो खिळा दिसला. आता त्याच्यावर मी टांगलेला होतो.

बायको तेव्हा माहेरी होती. सासऱ्यांच्या कसल्याशा कार्यक्रमासाठी गेली होती. कसला ते तिने सांगितलं असणार, आणि मी "हो हो" म्हटलं असणार. सासरे दर रविवारी फोन करतात. ते निवृत्त गणिताचे मास्तर असल्यामुळे कुठलीही गोष्ट पायरी-पायरीने सांगतात. मी फोन कानाला लावतो आणि खिडकीतून आकाश बघतो. अधूनमधून "वा वा", "हो हो" आणि "आणतो की, त्यात काय" एवढं म्हटलं की भागतं. एवढ्या भांडवलावर जावई जन्म काढू शकतो, अशी माझी समजूत होती.

निघायच्या आधी बायकोला फोन केला. "अगं, हायवे तुमच्या गावावरूनच जातो! पुलावरून तुमची गच्ची दिसते. उद्या दुपारी मी हॉर्न देईन. तू गच्चीवर ये!"

"येते. पण अहो, समोर बघून चालवा. गच्ची काही पळून जात नाही."

आणि मी निघालो!

मंडळी, काय सांगू तुम्हाला! केबिन इतकी उंच की जगाचं झाकण काढल्यासारखं वाटतं. कुंपणांच्या पलीकडे काय असतं ते मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. कोणाच्या परसात दोरीवर निळी चादर वाळत होती. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता झोपले होते आणि पेपर एकटाच फडफडत होता. एका तळ्यात अख्खं आभाळ उतरलं होतं. तळं मागे गेलं, टेकड्या आल्या. टेकड्या मागे गेल्या, उन्हाचा एक लांबच लांब पट्टा आला, आणि त्यातून माझा ट्रक गाद्या घेऊन तरंगत निघाला. पोटात गाद्या असल्यामुळे असेल, पण इंजिनाचा आवाजसुद्धा मला घोरल्यासारखा वाटत होता. मी मोठ्याने म्हणालो, "मी सुखी आहे!" ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून परत एकदा म्हणालो.

फक्त भूक लागली होती.

कारण रस्त्याकडेला जेवणाची जागा आली की समोर दहा-बारा ट्रक शिस्तीत उभे दिसायचे. उभं राहायचं म्हणजे आधी दोन ट्रकांच्या मधे मागे जायचं! मी दुरूनच बघायचो, वास घ्यायचो आणि एक हात वर करून पुढे जायचो. दुसरी जागा आली, हात वर. तिसरी आली, हात वर. चौथ्या ठिकाणी कुठल्याशा ड्रायव्हरने शेजारच्याला "काय घाई आहे बघ गड्याला!" म्हटलेलं मला ऐकू आलं. मी बिस्किटं खाल्ली. रात्री रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर, मागेपुढे कोणी नाही अशा जागी थांबून झोपलो. सकाळी पुन्हा बिस्किटं. माझा सगळा प्रवास मी असा बेतला होता की कुठेच एक पाऊलही मागे यायला लागू नये.

दुपारी सासुरवाडीचं गाव जवळ आलं. पुढे हायवेवर कसलं तरी काम चालू होतं आणि गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. मला ते बरंच वाटलं. पूल चढलो आणि डोळे गच्ची शोधायला लागले. ती पाण्याची टाकी... ती हिरवी भिंत... आणि ती गच्ची! गच्चीवर बायको! तिने दोन्ही हातांनी ओढणी हलवली. एवढ्या लांबून ती बोटाएवढी दिसत होती. मी हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला. हॉर्न सोडून समोर बघितलं तेव्हा हायवे माझ्या शेजारून, वरून चालला होता. मी खाली उतरत होतो.

फाटा चुकला होता! ट्रकाच्या दोन-तीन लांबी मागे गेलो असतो की काम झालं असतं. कोणीही गेला असता. मी आरशात बघितलं. खांब नव्हता. टाकी होती, पण निळी.

"काही हरकत नाही," मी स्वतःला म्हणालो. "पुढे जाऊ. पुढे गेलं की सगळं मिळतं." आणि मला आठवलंच! सासऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला भलं मोठं मैदान आहे. लग्नात माझ्या बाजूच्या तीन बस तिथे गोल फिरून गेल्या होत्या. तिथे जायचं, झोकात एक गोल मारायचा आणि पुन्हा हायवेला!

मी वळलो. आरशात एक लाल गाडी माझ्यामागे वळलेली दिसली. तिच्यामागे एक पांढरी. मग एक टेंपो. मग बरेच कोणकोण. वर हायवेवर तिष्ठत असलेल्या लोकांनी बघितलं की एवढा मोठा ट्रेलर इतक्या बिनधास्तपणे खाली उतरतोय, म्हणजे याला आतला रस्ता माहीत असणार! सिग्नलला लाल गाडीवाल्याने खिडकीतून ओरडून विचारलंसुद्धा, "दादा, इकडून पुढे निघतो ना?"

मी काय म्हणायला हवं होतं? पण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यामागून येत होतं हो!

"निघतो की!" मी म्हणालो.

गल्लीत शिरलो. दोन्हीकडच्या खिडक्यांमधून लोक बाहेर डोकावले. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, दुपारच्या झोपेनंतर दात घासता घासता ब्रश तोंडातच ठेवला. मी नम्रपणे मान लववली. गल्लीच्या शेवटच्या वळणावर मी ऐटीत स्टिअरिंग फिरवलं, आणि समोर मैदान नव्हतं.

मैदानाच्या जागी बाग होती. भिंत, फाटक, कुंड्या, बाकं आणि वळणाच्या कोपऱ्यावर पाटी: ज्येष्ठ नागरिक उद्यान. फाटकात हातात शिट्टी घेऊन सासरे उभे होते.

"जावईबापू!" ते आनंदाने ओरडले. "आलात! आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी! मी म्हटलं होतं ना, शब्दाचा पक्का आहे!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, मैदान कुठे गेलं?"

"कुठे गेलं म्हणजे? अहो, वर्षभर फोनवर काय सांगतोय मी? मैदान मिळालं, भिंत झाली, माती टाकली. तुम्ही 'वा वा' म्हणालात!"

"म्हणालो खरा."

"बाकं दगडी आहेत, सगळ्यांच्या पाठी धरतात, गाद्या हव्यात म्हणालो. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"आणतो की, त्यात काय," मी पुटपुटलो.

"बघा!" सासरे मागे वळून गरजले. "गाद्या आल्या!"

बागेतून टाळ्या झाल्या. दहा-पंधरा आजी-आजोबा माझ्या दिशेने चालत आले. एका आजोबांनी माझ्या ट्रेलरवर प्रेमाने हात फिरवला. सासूबाई घरातून धावत पाणी घेऊन आल्या. "पोर सांगत होती गाद्या घेऊन निघालेत म्हणून! मला काय ठाऊक इथेच आणताय! किती वाळलात हो!"

"आई, त्या गाद्या आपल्या नाहीत..."

"असं कसं, आता सगळं आपलंच!"

तोवर सासरे पक्कड घेऊन ट्रेलरच्या मागच्या दाराशी पोचले होते. सील! मी केबिनमधून उडी मारली. भुकेल्या पोटी मारलेली उडी, थेट एका आजींच्या पुढ्यात गुडघ्यांवर उतरलो. त्यांना वाटलं नमस्कार करतोय. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद बराच मोठा होता. तो संपवून पळत गेलो आणि पकडीवरच हात ठेवला.

"बाबा, हे तुटलं तर माझी नोकरी गेली! सोमवारी पुन्हा त्या भिंतीसमोर! खिळा आहे तिथे, बाबा, नुसता खिळा!"

खिळ्याचं त्यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी पक्कड खाली घेतली. आजी-आजोबा हळूहळू आपापल्या दगडी बाकांकडे परतले. त्यांच्या पाठी बघून मला फार वाईट वाटलं.

"बरं," सासरे पक्कड खिशात ठेवत म्हणाले. "मग इथे आलात कशाला?"

"वळायला."

"मग आता?"

"आता मागे जायला लागेल."

"मग जा की!"

मंडळी, असे क्षण येतात की माणसाला खोटं सुचत नाही. मागे लाल गाडीवाला हॉर्न वाजवत होता. त्याच्यामागे अख्खी रांग वाजवत होती. गॅलऱ्यांमधून गर्दी बघत होती.

"मला मागे जाता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे पुढे जाता येतं. मागे येत नाही. खांब लागतो."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी मात्र बाह्या सरसावल्या. गणिताच्या मास्तरांना दुसऱ्याला न येणारी गोष्ट दिसली की हुरूप येतो. त्यांनी आधी शिट्टी मारमारून मागची सगळी रांग एकेक करून बाहेर काढली. लाल गाडीवाला जाताना मला जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. मग सासरे ट्रेलरच्या मागे उभे राहिले. "मी सांगतो तसं करा! उजवीकडे!"

मी उजवीकडे फिरवलं. ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलं. बागेची पाटी वाकली.

"अहो उजवीकडे!"

मी आणखी उजवीकडे फिरवलं. शेपूट आणखी डावीकडे गेलं. "थांबा, थांबा, थांबा!" पाटी आता ज्येष्ठ नागरिकांसारखीच कमरेतून वाकली होती. ट्रेलरला ओरखडा आला नव्हता तो केवळ पाटी ओल्या रंगाची आणि मऊ पत्र्याची होती म्हणून.

तेवढ्यात मालकांचा फोन. "गाडी गल्लीत काय करतेय?"

"वळतेय, मालक."

"मला तर ती उभी दिसतेय."

"हळू वळतेय."

"फाटक संध्याकाळी बंद होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. समोर फुलांचे ताटवे होते, मला खिळा दिसत होता. दाराशी टकटक झाली. गच्चीवरून उतरून बायको आली होती. ओढणी अजून हातातच होती. मला वाटलं आता बोलणार. "समोर बघा म्हटलं होतं" हे वाक्य तिच्या ओठांवर येऊन उभं होतं, मला दिसत होतं. तिने ते गिळलं.

"फोन चालू ठेवा," ती म्हणाली. "मी मागे उभी राहते."

"अगं, तुला डावं-उजवं..."

"कळत नाही, माहितीये. तुम्हाला मागे जाता येत नाही. चला."

ती मागे गेली. फोनवर तिचा आवाज आला, "डावीकडे! डावीकडे घ्या!"

मी अनुभवी नवरा. ती डावीकडे म्हणाली म्हणजे तिला उजवीकडे म्हणायचंय! मी सफाईने उजवीकडे फिरवलं. फाडदिशी आवाज आला. सासऱ्यांच्या दारातली गुलाबाची कुंडी.

"डावीकडे म्हणाले ना मी!"

"अगं पण तुझं डावीकडे म्हणजे..."

"इतक्या वर्षांत एकदा," तिचा आवाज एकदम बारीक झाला, "एकदा तरी मी सांगते तसंच्या तसं करा हो!"

मग मी केलं. डोकं वापरू नकोस, असं उस्तादही म्हणाले होते. ती डावीकडे म्हणाली, मी डावीकडे फिरवलं. आरशात बघितलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. शेपूट अलगद उजवीकडे गेलं. जिकडे जायला हवं होतं तिकडेच!

ती "उजवीकडे" म्हणाली, मी उजवीकडे. शेपूट डावीकडे. ती हात एकीकडे दाखवत होती, तोंडाने दुसरं बोलत होती. मी तोंडाचं ऐकत होतो आणि ट्रेलर हाताचं ऐकत होता! तिची चूक आणि ट्रेलरचा उफराटा स्वभाव एकमेकांना भेटले होते आणि त्यांचं फार छान जमलं होतं. अख्खी गल्ली आम्ही मागे गेलो. वळण, विजेचा खांब, दात घासणाऱ्या बाईंची गॅलरी. ट्रेलर उलटा जात होता आणि मला वाटत होतं, घरंच हळूच पुढे निघून चाललीयेत, आपापल्या कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे घेऊन. फोनमध्ये तिचा आवाज येत राहिला, "थोडं डावीकडे... बास... आता उजवीकडे... छान... फार छान..." लग्नानंतर इतकं छान मला तिने कधी म्हटलं नव्हतं.

हमरस्त्यावर आलो तेव्हा गॅलऱ्यांमधून टाळ्या वाजत होत्या. पाटी सरळ करून आलेले सासरे डोकं खाजवत म्हणाले, "उत्तर बरोबर आलंय, पण रीत चूक आहे."

फोन वाजला. मालक.

"अख्खी गल्ली एका दमात रिव्हर्स?" आज त्यांच्या आवाजात चक्क भावना होती. "मी बघत होतो. जुन्या ड्रायव्हरांना नाही जमत! गोदामालाही असाच लाव. तिथे दोन भिंतींच्या मधे मागे घ्यायचा असतो."

गोदामाला! दोन भिंतींच्या मधे! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! मी बायकोकडे बघितलं. ती गल्लीतून घरी गेली, सासूबाईंनी भरलेला डबा आणि आपली पिशवी घेऊन आली आणि केबिनची पायरी चढून माझ्या शेजारी बसली.

गाव मागे पडलं. मी अधाशासारखा एका हाताने डबा खात होतो. ऊन कलत होतं, टेकड्या निळ्या होत होत्या. बराच वेळ ती काचेला नाक लावून बसली होती.

"मला वाटायचं तुम्ही उगाच स्वप्नं बघता," ती म्हणाली. "पण इथून खरंच फार छान दिसतं."

मला एकदम रडूच आलं. घास लागला असं मी तिला सांगितलं.

फाटक बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. तिने खाली उतरून "डावीकडे, उजवीकडे" केलं आणि दोन भिंतींच्या मधे ट्रेलर असा गेला की जणू उशी अभ्र्यात गेली. सील शाबूत होतं. ओरखडा नव्हता. सोमवारी मी साहेबांना फोन करून सांगितलं की खुर्ची कोणालाही द्या, पण खिळ्यावर एखादं चित्र तरी लावा. आणि पहिल्या पगारातून सासऱ्यांच्या बागेसाठी गाद्या नेल्या. या वेळी खरंच आणल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मालकांच्या कानावर सगळं गेलं. लाल गाडीवाला त्यांचा मेहुणा निघाला, आणि तो गल्लीच्या तोंडाशी थांबून शेवटपर्यंत बघत होता! मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिला म्हणाले, "लायसन्स काढा."

तिने काढलं. उस्तादांनी तिला चिंधी बांधायला घेतली तर ती म्हणाली, "कशाला?" आणि एका फटक्यात ट्रेलर मागे नेला. उजवीकडे न्यायचा म्हणून ती नेहमीच्या सवयीने तोंडाने "डावीकडे" म्हणाली आणि आपलंच ऐकून तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, एवढंच! उस्तादांच्या तोंडातली काडी पहिल्यांदा खाली पडली.

तेव्हापासून आमचं ठरलंय. पुढे जायचं ते मी बघतो, मागे यायचं ते ती. निदान ठरलं तरी तसंच होतं. पण हल्ली ती म्हणते की आता स्टिअरिंग हातात आहेच, तर थोडं पुढेही नेते. ते थोडं कधीकधी दोन दिवस चालतं. मी थर्मास भरतो, काचा पुसतो, थांबलो की चाकांना लाथा मारून हवा बघतो. मालकांनी अखेर गाडीला क्लीनर दिला म्हणायचा!

पण एक आहे. मला खिडकीजवळची जागा हवी होती, ती मिळाली.